फेब्रुवारी ते ओमाहा : कॉलेज बेसबॉलचा एक अख्खा सीझन

अमेरिकेत शिकायला आलेली बहुतेक मराठी मुलं कॅम्पसवरच्या बेसबॉल मैदानात एकदा जातात, दोन-तीन इनिंग (सामन्याच्या नऊ डावांपैकी) बसतात आणि उठून येतात. क्रिकेट येत असल्यामुळे बॅट, चेंडू, रन, आउट हे सगळं ओळखीचं वाटतं, पण खेळ कुठे चाललाय ते कळत नाही. त्यात सीझन चार महिन्यांचा, ५०-६० सामन्यांचा, आणि शेवटी रीजनल, सुपर रीजनल, ओमाहा अशी नावं येतात तेव्हा तर हातच टेकले जातात. मिसिसिपी राज्यात ऑक्सफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या मिसिसिपी विद्यापीठाला सगळे ‘ओल मिस’ म्हणतात. २०२२ साली या विद्यापीठाच्या संघाने बेसबॉलचं आपलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. आम्ही काही मराठी विद्यार्थी त्या सीझनबरोबर पहिल्या शुक्रवारपासून शेवटच्या रविवारपर्यंत राहिलो. पुढच्या फेब्रुवारीत ज्यांना आपापल्या विद्यापीठात हेच करायचं असेल, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहून ठेवत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण ती कळली की बाकी सगळं उलगडतं. कॉलेज बेसबॉल बघताना ‘आज कोण जिंकलं’ यापेक्षा ‘उद्या फेकायला कोण उरलं’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा स्पेल संपला तरी तो तासाभराने परत येतो. इथे पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला) एकदा बाहेर काढलं की त्या सामन्यात तो परत फेकू शकत नाही. सुरुवात करणाऱ्या पिचरने ९०-१०० चेंडू टाकले की त्याचा हात पूर्ववत व्हायला चार-पाच दिवस तरी लागतात, आणि नेहमीच्या आठवड्यात त्याला पुढच्याच आठवड्यात उभं करतात. मागाहून येणाऱ्या रिलिव्हरने ३० चेंडू टाकले तर त्यालाही एखाद-दोन दिवस सुट्टी. कॉलेज पातळीवर चेंडूंच्या संख्येवर नियमाने मर्यादा नाही, तो निर्णय प्रशिक्षकाचा. म्हणून वहीत रोज दोनच रकाने ठेवा: कोणी फेकलं आणि किती चेंडू. पुढच्या तीन दिवसांचा अंदाज त्यावरून येतो.

हिवाळ्याआधी

सीझन फेब्रुवारीत सुरू होत असला तरी संघ ऑगस्टपासून तयार होत असतो. पानगळीच्या महिन्यांत सराव आणि आपसातले सामने होतात; ते बहुधा कुणालाही बघता येतात आणि नावं, चेहरे, नंबर जुळवायला हीच सगळ्यात निवांत वेळ असते. याच काळात विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर खेळाडूंची यादी लागते. ती नीट वाचावी. प्रत्येकाचं वर्ष, उजवा की डावखुरा, आधीचं कॉलेज. २०२२ च्या यादीत काही खेळाडू पाचव्या वर्षाचे दिसत होते. त्याचं कारण कागदोपत्री होतं: २०२० चा सीझन करोनामुळे मार्चमध्येच रद्द झाला, आणि एनसीएए या कॉलेज खेळांच्या देशव्यापी संस्थेने त्या वर्षीच्या खेळाडूंना एक वर्ष वाढवून दिलं. कर्णधार टिम एल्को अशांपैकीच. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता, तरी पट्टा बांधून तो त्याच सीझनमध्ये परत बॅटिंगला उभा राहिला, आणि २०२२ साठी विद्यापीठात थांबला.

आणखी एक कागदी बाब. त्या वेळी पहिल्या श्रेणीतल्या बेसबॉल संघाला एकूण ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत आणि त्या बऱ्याच जणांत वाटल्या जात, म्हणजे बहुतेक खेळाडू अर्धी-पाव फी स्वतः भरत. २०२५-२६ पासून ही मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघात जास्तीत जास्त ३४ खेळाडू असा नियम आला. ज्या विद्यापीठांकडे पैसा आहे त्यांचं पारडं त्यामुळे जड झालं आहे असं आमचं मत आहे. जुने आकडे वाचताना हा फरक ध्यानात ठेवा.

फेब्रुवारी-मार्च

१८ फेब्रुवारी २०२२, शुक्रवार. सगळ्या देशाचा सीझन एकाच दिवशी सुरू होतो. ओल मिसच्या मैदानाचं नाव स्वेझ फील्ड. विद्यार्थ्यांचं तिकीट साधारणपणे विद्यापीठाच्या ओळखपत्राला जोडलेलं असतं आणि क्रीडा विभागाच्या ऑनलाइन खात्यातून घ्यावं लागतं. नियम विद्यापीठागणिक वेगळे, म्हणून सेमिस्टरच्या सुरुवातीला येणारी त्या विभागाची ईमेल न वाचता उडवू नका. आत जाताना पारदर्शक पिशवीच चालते का, हे आधी बघा. पाठीवरची लॅपटॉपची सॅक घेऊन गेलात तर दारावरून परत यावं लागेल.

कुठे बसायचं हे हेतूवर आहे. चेंडू कसा वळतोय ते समजायचं असेल तर होम प्लेटच्या म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या मागे, कॅचरच्या पाठीशी. मजा हवी असेल तर राइट फील्डच्या म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाच्या कुंपणामागे, जिथे विद्यार्थी बसतात. तिथे आपल्या संघाचा होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा कुंपणापलीकडचा फटका) झाला की हातातली सगळी बिअर हवेत उडते. न पिणाऱ्यानेही जुना शर्ट घालून जावं आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. फेब्रुवारीत रात्री थंडी चांगलीच बोचते; लोखंडी बाकावर तीन तास बसायचं तर खाली घ्यायला जाड घोंगडी आणि कानटोपी हवीच.

पहिल्याच दिवशी लक्षात येतो तो बॅटचा आवाज. व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडी बॅट असते, कॉलेजात धातूची किंवा मिश्र धातू-तंतूची. पण ती कशीही चालत नाही: लांबीचे इंच आणि वजनाचे औंस यांतला फरक ३ पेक्षा जास्त नको, म्हणजे ३४ इंची बॅट किमान ३१ औंसांची, जाडी २ ५/८ इंचांपर्यंत, आणि बॅटवर ‘बीबीकॉर’चा शिक्का हवा. चेंडू बॅटवरून किती उसळतो त्यावर तो शिक्का मर्यादा घालतो. जुन्या धातूच्या बॅटी पिचरच्या अंगावर फार वेगाने चेंडू परतवत, म्हणून २०११ पासून हे आलं.

वेळापत्रक असं असतं: साध्या सीझनमध्ये जास्तीत जास्त ५६ सामने. त्यांतले ३० स्वतःच्या विभागाचे, ओल मिससाठी एसईसी म्हणजे दक्षिण-पूर्वेकडच्या विद्यापीठांचा गट. दहा आठवडे, दर शनिवार-रविवारच्या जोडीला शुक्रवार धरून तीन-तीन. मंगळवारी किंवा बुधवारी आणखी एखादा, बहुधा जवळपासच्या विद्यापीठाशी. म्हणजे संघाला तीन भरवशाचे सुरुवातीचे पिचर लागतात, मंगळवारसाठी चौथा, आणि मागून येणारे सहा-सात. सगळ्यात चांगला शुक्रवारी. अभ्यासामुळे आठवड्यातून एकच सामना पाहता येणार असेल तर शुक्रवारचा निवडा. नवा पिचर कोण उगवतोय हे बघायचं असेल तर मंगळवारचा. गर्दी कमी, जागा पुढची मिळते.

बॉक्स स्कोअर म्हणजे सामन्याच्या आकड्यांचा तक्ता वाचताना एक जागा हमखास फसवते. पिचरपुढे ७.२ लिहिलं असेल तर ते सात पूर्णांक दोन दशांश नव्हे. सात इनिंग आणि पुढच्या इनिंगमधले दोन आउट, म्हणजे सात पूर्णांक दोन तृतीयांश. एका इनिंगमध्ये तीन आउट असतात एवढं लक्षात ठेवलं की झालं.

मार्चच्या मध्यावर ओल मिस देशातल्या क्रमवारीत पहिल्या नंबरावर होतं. गावात दुकानांच्या काचांवर पाट्या लागल्या. आणि मग २५ ते २७ मार्चला टेनेसी विद्यापीठाचा संघ ऑक्सफर्डला आला आणि तिन्ही सामने जिंकून गेला. टेनेसीच्या बॅटिंगची ताकद अफाट होतीच, पण आमच्या वहीतल्या दोन रकान्यांत दुखणं दुसरंच दिसत होतं: सुरुवात करणारे पिचर पाचव्या इनिंगच्या पुढे जात नव्हते. पाचव्यात पिचर बाहेर आला की उरलेल्या चार इनिंग मागच्यांना भरून काढाव्या लागतात. शुक्रवारी तीन जण दमले की शनिवारी ते नसतात, आणि रविवारी कुणीच नसतं. आठवड्याचे तीन सामने एकामागून एक असे निसटतात.

एप्रिल : सगळ्यात कठीण महिना

एप्रिलमध्ये संघ हरत राहिला. १ मेला एसईसीमधला हिशेब ७ विजय, १४ पराभव, एकूण २४-१९. मागच्याच वर्षी शेजारच्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं, त्यामुळे ऑक्सफर्डमधल्या माणसांच्या मनाला हे जास्तच लागत होतं. प्रशिक्षक माइक बियांको २००१ च्या सीझनपासून इथे. इतक्या वर्षांत ओमाहाला, म्हणजे राष्ट्रीय अंतिम स्पर्धेला, फक्त एकदा, २०१४ साली, संघ पोचलेला. त्यांना काढा अशी कुजबुज उघड बोलण्यापर्यंत गेली. मैदानात जागा रिकाम्या दिसू लागल्या.

नव्या प्रेक्षकाने इथेच टिकून राहावं, कारण संघ हरत असतानाच त्याची जुळणी बदलत असते. या पडत्या आठवड्यांत दोन पिचर पुढे आले. एक डिलन डिलुसिया, फ्लोरिडातल्या दोन वर्षांच्या कॉलेजातून आलेला उजव्या हाताचा. सीझनच्या सुरुवातीला तो मागून येणाऱ्यांत होता, वसंत सरता सरता शुक्रवारचा पिचर झाला. दुसरा हंटर एलियट, पहिल्या वर्षाचा डावखुरा, ऑक्सफर्डहून ५० मैलांवरच्या टुपेलो गावचा. दोघांनी सहाव्या-सातव्या इनिंगपर्यंत उभं राहायला सुरुवात केली. निकालात लगेच काही दिसलं नाही. मागच्या पिचरांचे चेंडू मात्र कमी झाले. शेवटच्या इनिंगसाठी ब्रँडन जॉन्सनचा हात ताजा राहू लागला. वही ठेवली असेल तर हे पराभवातही दिसतं.

मेमध्ये मिसुरीविरुद्ध घरच्या मैदानावर तिन्ही सामने जिंकले. मग १३ ते १५ मेला लुइझियाना स्टेटच्या मैदानावर, बॅटन रूजला, पुन्हा तिन्ही. शेवटच्या आठवड्यात टेक्सस ए अँड एमविरुद्ध तीनपैकी एकच. एसईसीचा हिशेब १४-१६ वर थांबला.

बॅटन रूजच्या त्या तीन विजयांची किंमत समजायला आरपीआय नावाचा आकडा कळायला हवा. निवड समिती तो समोर ठेवते. त्यात २५ टक्के स्वतःच्या जय-पराजयाचं प्रमाण, ५० टक्के प्रतिस्पर्ध्यांचं, आणि २५ टक्के प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचं. शिवाय बेसबॉलमध्ये परक्या मैदानावरचा विजय १.३ धरतात आणि घरचा ०.७. पराभवाला उलट. म्हणजे परक्या मैदानावरचा एक विजय घरच्या जवळजवळ दोन विजयांएवढा. मेच्या मध्यावर नुसत्या गुणतक्त्याकडे बघणारे ‘संपलं’ म्हणत होते. आरपीआय बघणारे अजून थांबले होते.

२४ ते ३० मे : थांबण्याचे दिवस

२४ मेला हूव्हर, अलाबामा इथे एसईसीची स्पर्धा. पहिल्याच दिवशीचे सामने हरलं की बाहेर अशा पद्धतीचे होते. व्हँडरबिल्टकडून १-३ हार. एकूण ३२-२२, आणि आता करण्यासारखं काहीच नाही. पुढच्या फेरीत ६४ संघ जातात. २०२२ मध्ये त्यांतल्या ३१ जागा वेगवेगळ्या गटांच्या विजेत्यांना आपोआप मिळाल्या, उरलेल्या ३३ समितीने निवडल्या. छोट्या गटांतल्या स्पर्धा त्या आठवड्यात चालूच असतात, आणि तिथे एखाद्या बलाढ्य संघाला धक्का बसला की त्याला निवडीतली जागा द्यावी लागते, म्हणजे काठावरच्याची एक कमी होते. त्यामुळे आपण कधी नाव न ऐकलेल्या विद्यापीठांचे सामने जीव मुठीत धरून पाहावे लागतात.

या दिवसांत प्रवासाची तिकिटं काढू नका. कुठे जायचं ते ठरलेलंच नसतं. या फेरीची, म्हणजे रीजनलची, यजमान १६ ठिकाणं रविवारी रात्री कळतात, पूर्ण यादी सोमवारी दुपारी. तोवर करायची कामं वेगळी: पासपोर्ट, आय-२० आणि आय-९४ ची प्रत एका जागी काढून ठेवणं (देशांतर्गत विमानाला आपला भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो), गाडी कोणाची आणि विम्यात दुसरा चालक बसतो का ते विचारणं, आणि पैशांचा अंदाज. अनेकांची असिस्टंटशिप मेच्या मध्यावर संपते, पुढचा पगार ऑगस्टच्या अखेरीस. जूनचा खर्च त्या हिशेबाने वेगळा काढून ठेवावा लागतो.

३० मे, सोमवार, मेमोरियल डेची सुट्टी. टीव्हीवर एकेक गट उलगडत गेला आणि ओल मिसचं नाव आलं: फ्लोरिडात कोरल गेबल्सला, तिसरं मानांकन. नंतर समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं की निवडलेल्या ३३ संघांत शेवटचं नाव हेच होतं. एक विजय कमी असता तर पुढचं काहीच झालं नसतं, हे त्या दिवशी प्रत्येकाच्या तोंडी होतं.

रीजनल आणि सुपर रीजनल

रीजनलमध्ये चार संघ, आणि दोनदा हरलं की बाहेर. सरळ जिंकत गेलं तर तीन सामन्यांत काम होतं. पहिलाच हरलं तर पुढे चार सलग जिंकावे लागतात, म्हणजे तीन-चार दिवसांत पाच सामने. आता वहीतले रकाने आठवा: पाच सामन्यांना पुरतील एवढे हात जवळजवळ कुणाकडेच नसतात. म्हणून पहिला सामना सगळ्यात मोलाचा.

ओल मिसने ॲरिझोनाला ७-४ हरवलं, यजमान मायामीला २-१, आणि ॲरिझोनाला पुन्हा २२-६. शेवटच्या सामन्यात एल्कोने तीन होम रन मारले. तीन सामन्यांत मोकळे. त्या आठवड्यात दक्षिण फ्लोरिडावर उष्णकटिबंधीय वादळाचा पाऊस होता आणि वेळापत्रक पुढे सरकत राहिलं. वीज जवळ दिसली की खेळ थांबतो, आणि शेवटच्या विजेनंतर ३० मिनिटं मोजतात. मध्ये पुन्हा वीज चमकली की मोजणी परत पहिल्यापासून. परतीचं विमान सामन्याच्या दुसऱ्याच सकाळचं घेऊ नका, आणि घेतलंच तर बदलता येणारं घ्या. घरी बसून बघणाऱ्यांनी तासाचा फरक ध्यानात ठेवावा, फ्लोरिडाचं घड्याळ मिसिसिपीच्या एक तास पुढे.

सुपर रीजनल म्हणजे दोनच संघ, तीनपैकी दोन सामने. ओल मिसची गाठ सदर्न मिस (सदर्न मिसिसिपी विद्यापीठ) या यजमानांशी हॅटिसबर्गला, म्हणजे राज्यातच, ऑक्सफर्डहून गाडीने चारेक तासांवर. इथे तिकीट हीच अडचण. मैदान लहान, यजमानांचेच चाहते ओसंडलेले, पाहुण्यांच्या वाट्याची तिकिटं देणगीदार आणि खेळाडूंच्या घरच्यांना आधी जातात. विद्यार्थ्याचा वर्षभराचा पास या फेरीत सहसा उपयोगी पडत नाही. आमचा सल्ला असा की सुपर रीजनल टीव्हीवर बघा आणि तो पैसा ओमाहासाठी राखा. ११ आणि १२ जूनला ओल मिस १०-० आणि ५-० असं जिंकलं. आधी डिलुसिया, मग एलियट. सदर्न मिसला दोन दिवसांत एकही रन काढता आला नाही. एप्रिलमध्ये उगवलेले ते दोन हात आता देशातल्या कुठल्याही संघाला थोपवतील असे झाले होते. त्याच दिवशी नॉक्सव्हिलला टेनेसी, त्या वर्षी फक्त नऊ सामने हरलेला संघ, नोट्र डेमकडून बाहेर पडला.

ओमाहा

नेब्रास्कातलं ओमाहा १९५० पासून या अंतिम स्पर्धेचं गाव आहे. २०११ पासून सामने गावाच्या मध्यभागातल्या नव्या स्टेडियमवर होतात. २०२२ मध्ये त्याचं नाव चार्ल्स श्वाब फील्ड, सुमारे २४ हजार माणसं बसतात. ऑक्सफर्डहून साधारण ७०० मैल, मेम्फिसवरून मिसुरी राज्य ओलांडून कॅन्सस सिटी आणि तिथून सरळ उत्तरेला आय-२९. साडेदहा-अकरा तास, दोन चालक असतील तर एका दिवसात. त्या जूनमध्ये देशातला पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला ५ डॉलरच्या वर गेला होता. ३० मैल प्रति गॅलन देणाऱ्या गाडीला जाऊन-येऊन १,४०० मैलांना ४६-४७ गॅलन, म्हणजे २३५ डॉलरच्या आसपास, चौघांत साधारण ६०. घड्याळ बदलत नाही, दोन्हीकडे मध्य वेळ.

राहायला ओमाहाच्या मध्यभागी जाऊ नका. मिसुरी नदीच्या पलीकडे आयोवा राज्यातलं कौन्सिल ब्लफ्स आहे, पुलावरून दहा-पंधरा मिनिटं. तिथली हॉटेलं त्या मानाने स्वस्त पडतात. रद्द करता येईल अशीच खोली घ्या, कारण संघ चार दिवसांतही बाहेर पडू शकतो.

तिकिटं दोन तऱ्हेची. नंबर असलेली राखीव जागा, आणि आउटफील्डच्या म्हणजे मैदानाच्या लांबच्या टोकाच्या बाकांवरची जनरल ॲडमिशन, जिथे आधी येईल त्याला पुढची जागा. विद्यार्थ्याला दुसरीच परवडते. दार उघडण्याच्या बऱ्याच आधी रांग लागते. सावली नाही, पारा ३५ अंशांच्या वर. टोपी, सनस्क्रीन आणि पाणी यांत कंजुषी नको. तिकिटांची फेरविक्री अधिकृत ॲपवर चालते आणि भाव कोण शिल्लक आहे त्यावर तासागणिक हलतात. एखादा मोठा संघ बाहेर पडला की त्याचे चाहते त्याच रात्री तिकिटं काढून टाकतात. घ्यायची वेळ तीच. रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून फोनमधल्या चित्राचं तिकीट घेऊ नका. शाकाहारी खाणं आत म्हणजे नाचो, प्रेट्झेल, शेंगा, पॉपकॉर्न एवढंच, तेही महाग. आदल्या रात्री करून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हॉटेलवर खाऊन निघणं बरं.

आठ संघ, चार-चारचे दोन गट, गटात पुन्हा दोनदा हरलं की बाहेर. दोन गटविजेत्यांत तीन सामन्यांची अंतिम लढत. ओल मिसच्या गटात स्टॅनफर्ड, आर्कन्सॉ, ऑबर्न. १८ जूनला ऑबर्नवर ५-१. डिलुसिया ७.२ इनिंग टिकला आणि १० जणांना स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. २० जूनला आर्कन्सॉवर १३-५. सलग दोन विजयांमुळे हाताशी एक पराभव शिल्लक राहिला, आणि तो लागला: २२ जूनला आर्कन्सॉने ३-२ असं हरवलं. आता दोघांचाही एकेक पराभव, दुसऱ्या दिवशी हरेल तो घरी.

आणि २३ जूनला डिलुसिया मोकळा होता. १८ ते २३, मध्ये चार पूर्ण दिवस. पहिले दोन सामने जिंकण्याचा खरा फायदा हाच: उत्तम पिचरला घाईने परत आणावं लागत नाही. त्या दुपारी त्याने नऊच्या नऊ इनिंग एकट्याने फेकल्या. चार हिट (चेंडू मारून बेस गाठणं), एकही वॉक (चार खराब चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) नाही, एकही रन नाही. २-०. ज्यांनी त्याला फेब्रुवारीत मागच्या बाकावर पाहिलं होतं, त्यांना हा सामना पाहताना काय वाटलं असेल याची कल्पना करा. आउटफील्डच्या बाकांवर अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. त्याने मागच्या सगळ्यांना विश्रांती दिली, हे त्या दोन रनांइतकंच मोठं होतं.

अंतिम लढत ओक्लाहोमाशी. २५ जून, शनिवार. डिलुसिया नाही, एलियट दुसऱ्या दिवसासाठी राखलेला. मग जॅक डॉहर्टी. पहिल्या पाच इनिंगमध्ये त्याने ओक्लाहोमाचे १५ च्या १५ बॅटर परतवले. आठव्यात मॅकँट्स, हॅरिस आणि बेंच यांनी लागोपाठ तीन होम रन मारले. १०-३.

२६ जून, रविवार. एलियट फेकायला, समोर ओक्लाहोमाचा केड हॉर्टन. हॉर्टनने १३ जणांना स्ट्राइक आउट केलं. त्या दिवशी त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नव्हतं. सहाव्यात जेकब गोन्झालेझचा एक होम रन, बाकी शांतता. सातव्यानंतर ओक्लाहोमा २-१ पुढे. आठव्यात हॉर्टन दमला आणि त्याला काढलं. नव्या पिचरवर गोन्झालेझने बरोबरीचा हिट काढला, आणि मग दोन वाइल्ड पिचवर दोन रन आले. वाइल्ड पिच म्हणजे कॅचरला अडवता न येणारा चेंडू. तो मागे घरंगळतो आणि तिसऱ्या बेसवरचा धावक घरी येतो. ४-२. नवव्यात ब्रँडन जॉन्सनने तिघांनाही स्ट्राइक आउट केलं. डिलुसियाला स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. एकूण हिशेब ४२-२३, आणि ३० मेनंतरचा १०-१.

स्टेडियमसमोर रॉकोज नावाचं ठिकाण आहे, तिथे कुठल्या संघाच्या चाहत्यांनी किती जेलो शॉट घेतले याचा फळा असतो. ओल मिसच्या नावापुढे १८,७७७ हा तेव्हाचा विक्रमी आकडा लागला. त्या रात्री गाडी चालवायची असेल तर चालकाने त्या फळ्यापासून लांब राहावं आणि कौन्सिल ब्लफ्सला झोपून सकाळी निघावं.

संघ परतला की स्वेझ फील्डवर चषकाचा सोहळा होतो. तो चुकवू नका. पण याच दिवसांत संघ विस्कटायलाही लागतो. जुलैत व्यावसायिक क्लबांची निवड: डिलुसियाला क्लीव्हलंडने सहाव्या फेरीत घेतलं, एल्कोला शिकागो व्हाइट सॉक्सने दहाव्या. २०२३ मध्ये एलियटच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षी ओल मिस एसईसीमध्ये ६-२४ गेलं आणि ६४ संघांत आलंच नाही.

तुमच्या विद्यापीठाचा पुढचा सीझन फेब्रुवारीच्या मध्यावर एका शुक्रवारी सुरू होईल. वेळापत्रक बहुधा पानगळीतच जाहीर होतं. त्यातले परक्या मैदानांवरचे तीन दिवसांचे आठवडे आधी खुणा करून ठेवा, मग मिडटर्मच्या तारखा त्याला ताडून बघा.